काराकोरमचे जुने नकाशे : कोणी मोजले, कुठे अंदाज केला आणि आज ते वाचायचे कसे

काराकोरम ही लडाखच्या उत्तरेला आणि बाल्टिस्तानात पसरलेली डोंगररांग. जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर के-टू (८,६११ मीटर) इथलंच, आणि सियाचिन हिमनदीही इथलीच. या रांगेचे स्थलदर्शक नकाशे, म्हणजे आपण ज्यांना टोपोशीट म्हणतो ते, १८५५ पासून तयार होत आले. पूर्वी ते सरकारी कपाटात बंद असत. आता त्यातले बरेच इंटरनेटवर कोणालाही दिसतात. सीमेवर काही घडलं की त्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि खाली ओळ असते, 'हा घ्या पुरावा'.

पुरावा आहे का, आणि असलाच तर कशाचा, हे बघायचं तर नकाशा कसा तयार झाला ते माहीत हवं. छापील नकाशावर सगळ्या रेघा एकाच शाईत असतात. पण एक रेघ दुर्बिणीच्या यंत्राने कोन मोजून आलेली असते, दुसरी पन्नास किलोमीटरवरून बघून काढलेली असते, तिसरी व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलेली असते आणि चौथी कचेरीत टेबलावर बसून ओढलेली असते. जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक नोंदीमागे पावती असते. नकाशातही तशीच पावती शोधावी लागते.

पत्रक ५२ आणि आपलं गाव

भारतीय सर्वेक्षण विभागाने, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाने, देश आणि शेजारचा प्रदेश चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशाच्या चौकटींत वाटला. प्रत्येक चौकटीला एक क्रमांक. त्या चौकटीचे १६ तुकडे, त्यांना ए ते पी अशी अक्षरं. हा एकेका अंशाचा तुकडा एक इंचाला चार मैल या प्रमाणात छापला जाई. त्याचे पुन्हा १६ भाग केले की मोठ्या प्रमाणावरचं, एक इंचाला एक मैल असं पत्रक मिळे. आजच्या १:५०,००० टोपोशीटची चौकटही तीच.

या हिशेबाने बेळगाव ४८ आय वर येतं. गोव्याचा बहुतेक भाग ४८ ई आणि ४८ आय मध्ये. वडोदरा ४६ एफ, इंदूर ४६ एन, ग्वाल्हेर ५४ जे, नागपूर ५५ ओ, हैदराबाद ५६ के. आणि के-टू शिखर ५२ ए वर. क्रमांक वरून खाली वाढत जातात. म्हणून ५२ च्या खाली ५३, मग ग्वाल्हेरचं ५४, नागपूरचं ५५ आणि हैदराबादचं ५६ असे एकाच उभ्या ओळीत येतात. काराकोरम आणि दख्खन एकाच मापपट्टीवर आहेत, ते असे.

मोजणी दक्षिणेतून वर सरकली

या मापपट्टीची सुरुवात मद्रासजवळ झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी सेंट थॉमस माउंटजवळ एक पायारेषा साखळीने काटेकोर मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्या नव्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. असे त्रिकोण जोडत मोजणी उत्तरेला सरकली. यालाच पुढे ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं.

हे काम मराठी मुलखातून गेलं. लॅम्बटन यांचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट इथे, आजच्या वर्धा जिल्ह्यात, कामावर असतानाच झाला. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी सूत्रं घेतली. बिदरजवळ आणि आजच्या मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळ पायारेषा मोजून मधल्या गणिताचा ताळा घेतला गेला, आणि १८४१ पर्यंत ही साखळी डेहराडूनच्या पायथ्याला पोचली. तिथून पुढे हिमालय.

काश्मीरची मोजणी १८५५ मध्ये थॉमस जॉर्ज माँटगोमेरी या तरुण लेफ्टनंटच्या हाताखाली सुरू झाली आणि १८६४ पर्यंत चालली. १० सप्टेंबर १८५६ रोजी माँटगोमेरी काश्मीर खोऱ्यातल्या हरमुख पर्वतावरच्या ठाण्यावर होते. तिथून दोनशेहून जास्त किलोमीटरवर दोन ठळक शिखरं दिसली. त्यांनी वहीत रेखाटन करून खुणा लिहिल्या, के-वन आणि के-टू. 'के' म्हणजे काराकोरम. नंतर कळलं की के-वनला स्थानिक नाव आहे, माशरब्रुम. मग ते नाव नकाशावर आलं. के-टूला सर्वमान्य स्थानिक नाव हाती लागलं नाही म्हणून वहीतली खूणच नाव होऊन बसली. मोजणीदाराच्या वहीतलं टिपण पुढे जगाच्या तोंडी कसं बसतं, त्याचं हे उदाहरण.

शिखराची जागा पक्की, मधली जमीन कच्ची

नकाशा वाचणाऱ्याने एक फरक लक्षात ठेवायला हवा. त्रिकोणाच्या मोजणीने शिखरांची जागा आणि उंची मिळते. पण शिखरांच्या मधली दरी, नदी, हिमनदी, खिंड त्यात येत नाही. ती भरायला प्लेन टेबल लागतं. तिपाईवर सपाट फळा, त्यावर कागद, कागदावर आधीच मांडलेली मोजलेली शिखरं. मोजणीदार एखाद्या उंच जागी उभा राहतो, दृष्टिपट्टीने ओळखीच्या शिखरांकडे रेघा ओढतो. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे तो स्वतः उभा असतो. मग भोवतीचं जे दिसतं ते कागदावर उतरवायचं.

म्हणजे जे डोळ्यांना दिसलं तेवढंच कागदावर येणार. पुढच्या धारेमागे काय आहे ते दिसत नसेल तर जागा रिकामी सोडायची, किंवा तुटक रेघेने अंदाज दाखवायचा. प्रामाणिक मोजणीदार रिकामी सोडत असे.

हेन्री हॅव्हर्शॅम गॉडविन-ऑस्टिन यांनी १८६०-६१ मध्ये प्लेन टेबल घेऊन शिगर खोरं आणि बाल्टोरो हिमनदीचा भाग नकाशावर आणला. के-टूच्या पायथ्याच्या दिशेने जाणारी वाट त्यांच्यामुळे कागदावर आली. शिखराला त्यांचं नाव द्यावं अशी सूचना १८८८ मध्ये झाली, ती मान्य झाली नाही. एका हिमनदीला मात्र त्यांचं नाव राहिलं.

सरहद्दीपलीकडे गोऱ्या अधिकाऱ्याला जाता येत नसे. तिथे माँटगोमेरी यांनी हिंदी माणसं शिकवून पाठवायची पद्धत काढली. पहिला गेला मुन्शी अब्दुल हमीद. १८६३ मध्ये तो व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर काराकोरम खिंड ओलांडून यारकंदला गेला आणि परतीच्या वाटेवर मरण पावला. त्याची टिपणं हाती आली आणि यारकंदची जागा नकाशावर सुधारली. नैनसिंह रावत आणि इतर 'पंडित' त्यानंतरचे.

१८६५ : एका माणसाचा प्रवास, एक रेघ

अब्दुल हमीदची टिपणं परत मिळवणारा मोजणीदार म्हणजे विल्यम हेन्री जॉन्सन. १८६५ मध्ये जॉन्सन लेहहून अक्साई चीनच्या उजाड पठारावरून खोतानला जाऊन आले. परवानगीपेक्षा पुढे गेले म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली आणि नोकरी सोडली. पुढे काश्मीरच्या महाराजांनी त्यांना लडाखच्या कारभारावर नेमलं.

त्यांच्या प्रवासातून जो नकाशा झाला त्यात काश्मीर संस्थानाची हद्द अक्साई चीन आत घेऊन कुनलुन पर्वतापर्यंत दाखवली होती. १८६८ च्या काश्मीरच्या नकाशासंग्रहात ती छापली गेली. एवढा मोठा ओसाड मुलूख एका हंगामात, एका माणसाने, घाईच्या वाटचालीत पाहिलेला. त्यामुळे त्यातल्या तपशिलावर त्या काळातही टीका झाली. १८९९ मध्ये ब्रिटिश सरकारने चीनपुढे वेगळ्याच रेषेचा प्रस्ताव ठेवला. तिला मॅकार्टनी-मॅक्डोनाल्ड रेषा म्हणतात. चीनने उत्तर दिलं नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या अधिकृत भारतीय नकाशावर या पट्ट्यात सीमा अनिश्चित असल्याची नोंद होती. १९५४ पासूनच्या नकाशांवर निश्चित रेघ आली. अक्साई चीनमधून चीनने रस्ता नेल्याचं १९५७ मध्ये स्पष्ट झालं आणि १९६२ चं युद्ध सगळ्यांना माहीत आहे. अक्साई चीन हा भारताचाच भाग, ही भारताची भूमिका कायम आहे आणि तिला नकाशांखेरीज करार, महसूल, वहिवाट असे इतर आधार दिले जातात. इथे मुद्दा फक्त नकाशाचा आहे. १८६८ चं पान १८६५ च्या एका मोहिमेची नोंद सांगतं. त्याच्यावर त्याहून जास्त वजन टाकलं की दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं पान सापडतं.

रिकाम्या जागा भरताना

रिकामी जागा सोडण्यापेक्षा चुकीची भरलेली जागा जास्त घातक. मार्टिन कॉनवे यांनी १८९२ मध्ये हिस्पर आणि बियाफो या हिमनद्यांच्या माथ्यावरचं बर्फाचं विस्तीर्ण मैदान पाहिलं. त्याला 'स्नो लेक' म्हटलं आणि त्याचा विस्तार सुमारे ३०० चौरस मैल असल्याचा अंदाज केला. पुढच्या मोजणीत तो ३० च्या आसपास निघाला. एक शून्य जास्त. बर्फात सावली नाही, झाड नाही, घर नाही. डोळ्याला अंतर कळत नाही, म्हणून अनुभवी माणूसही फसतो.

शक्सगाम खोऱ्याची गोष्टही अशीच. के-टूच्या उत्तरेची ही नदी यंगहजबंड यांनी १८८० च्या दशकात ओलांडली होती, पण नीट मोजली नव्हती. १९२६ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाचे केनेथ मेसन तिथे गेले. कियागार हिमनदीने नदीचं पात्र अडवलं होतं, पुढे वाट नाही. वळसा घेऊन ते एका दुसऱ्याच खोऱ्यात उतरले. आपण शक्सगाममध्ये आहोत असं आधी वाटलं, मग नाही हे कळलं. त्या नदीला त्यांनी 'झुग शक्सगाम' म्हटलं, म्हणजे खोटी शक्सगाम. ती कुठे जाऊन मिळते हा प्रश्न उघडाच राहिला. १९३७ मध्ये एरिक शिप्टन, हॅरोल्ड टिलमन, मोजणीदार मायकेल स्पेंडर आणि भूवैज्ञानिक जॉन ऑडेन यांनी ते कोडं सोडवलं. शिप्टन यांच्या पुस्तकाचं नावच 'ब्लँक ऑन द मॅप'.

या कामात हिंदी मोजणीदारांचा वाटा मोठा. १९१२ मध्ये सियाचिनच्या मोजणीत ग्रँट पीटरकिन यांच्याबरोबर सरजनसिंह होते. १९२६ च्या मोहिमेत अफ्राज गुल खान होते. १९३९ मध्ये हिस्पर-बियाफो भागात फझल इलाही आणि इनायत खान यांनी प्लेन टेबल चालवलं. पुस्तकांवर नावं साहेबांची राहिली, पण कागदावरच्या कित्येक रेघा या लोकांच्या हातच्या आहेत. वाट दाखवणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या बाल्टी लोकांची नावं तर फारशी कुठे नाहीतच.

सियाचिन : मोजलेली जमीन, न ओढलेली रेघ

सियाचिनचं खालचं तोंड हेन्री स्ट्रेची यांनी १८४८ मध्ये पाहिलं. ती किती लांब आहे याचा अंदाज १९०९ मध्ये टॉम लाँगस्टाफ सालतोरो रांग ओलांडून आले तेव्हा आला. १९१२ मध्ये वर्कमन दांपत्याच्या मोहिमेत तिची मोजणी झाली. लांबी सुमारे ७५ किलोमीटर. म्हणजे जमीन कागदावर आलेली होती.

पण जुलै १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा ठरली तेव्हा ती एका बिंदूपाशी थांबली. नकाशाच्या जाळीवरचा तो बिंदू म्हणजे एनजे ९८४२. त्यापुढे 'तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे' एवढाच उल्लेख. तिथे कोण जाणार, असं तेव्हा वाटलं असावं. १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा आखली तीही तिथेच थांबली.

नंतरच्या वर्षांत काही अमेरिकी नकाशांवर एनजे ९८४२ पासून ईशान्येला थेट काराकोरम खिंडीपर्यंत सरळ रेघ दिसू लागली. अशी रेघ कोणत्याही करारात नव्हती. तिच्यामुळे सियाचिन पाकिस्तानच्या बाजूला पडत होतं. १९७० च्या दशकात असाच एक परदेशी नकाशा भारतीय लष्कराचे कर्नल नरेंद्र कुमार यांच्या पाहण्यात आला आणि १९७८ मध्ये ते मोहीम घेऊन सियाचिनवर गेले. १३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झालं. तेव्हापासून त्या उंचीवर जवान तैनात आहेत, आणि तिथे गोळीपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवेने जास्त बळी घेतले आहेत. कचेरीत ओढलेल्या एका रेघेची ही किंमत.

जुना नकाशा हातात आला तर काय बघायचं

एक, साल. छापल्याचं आणि मोजणीचं साल वेगळं असतं. १९४० ला छापलेल्या पानात १८६१ ची मोजणी असू शकते. पानाच्या कडेला किंवा तळाला मोजणीची वर्षं दिलेली असतात, ती आधी वाचा.

दोन, प्रमाण. एक इंचाला चार मैल या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सव्वाशे मीटर रुंद होते. १:१०,००,००० च्या नकाशावर तीच अर्धा किलोमीटर. १:५०,००० वरही २५ मीटर. असल्या रेघेवरून धार कोणाची आणि ओढा कोणाचा हे ठरत नाही.

तीन, रेघेची जात. सलग समोच्च रेषा म्हणजे मोजलेली उंची. तुटक आकाररेषा म्हणजे डोंगराचा घाट नजरेने काढलेला. आणि पूर्ण पांढरी जागा म्हणजे बर्फ आहे की मोजणीच झाली नाही, हे सूची बघून ठरवायचं.

चार, विश्वासार्हतेची आकृती. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारत-पाकिस्तानची १:२,५०,००० पत्रकं काढली, त्यांची मालिका यू ५०२. त्यांच्या कडेला कोणता भाग किती भरवशाचा हे दाखवणारी छोटी आकृती असते. फिरणाऱ्या फोटोंत नेमकी तीच कापलेली असते.

पाच, पाया. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट यांच्या पृथ्वीमापावर आहेत, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. तेच अक्षांश-रेखांश दोन्हीकडे टाकले तर जागा शंभर मीटरच्या घरात सरकते. रूपांतर न करता जुनं पान उपग्रह चित्रावर चिकटवून 'अतिक्रमण' शोधणं चूक आहे.

आज उपयोग काय

उपग्रह आल्यावर जुने नकाशे निकामी झाले असं नाही. काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या जगातल्या इतर हिमनद्यांसारख्या झपाट्याने आटत नाहीत, काही तर पुढे सरकल्या आहेत. याला 'काराकोरम विसंगती' म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी हिमनदीचं तोंड कुठे होतं हे सांगायला त्या काळाची मोजणीच लागते. फक्त तोंडाजवळची नोंद सहसा भरवशाची आणि वरच्या बर्फातली कमी, हे शास्त्रज्ञ लक्षात ठेवतात.

सर्वसामान्य वाचकाला यू ५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येते. ब्रिटिश लायब्ररी आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार इथे जुन्या मूळ प्रती आहेत. आपल्या गावाची आजची टोपोशीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन सेवेतून घेता येते. सीमेलगतच्या संवेदनशील भागाची पत्रकं मात्र खुली नसतात. भारताचा नकाशा स्वतः प्रसिद्ध करायचा असेल तर बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या प्रतीप्रमाणेच हवी. तसं नसेल तर कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. जुना नकाशा इतिहास म्हणून दाखवताना त्याचं साल आणि उगम ठळक लिहावा.

शेवटी आपल्या भागापुरतं एक. टोपोशीट ही डोंगर, नदी, रस्ता आणि वस्ती दाखवण्यासाठी असते. शेताची हद्द आणि मालकी महसूल खात्याच्या मोजणी नकाशावर आणि उताऱ्यावर ठरते. राज्याची हद्द कायद्याने आणि अधिसूचनेने ठरते. टोपोशीटवर राज्याच्या हद्दीचं चिन्ह बघून शेजारच्या शेतकऱ्याशी वाद घालू नका. आधी ते पान कोणत्या सालच्या मोजणीचं आहे ते बघा, आणि भूमापन कचेरीतून मोजणीची नक्कल मागा.